वैशाखातली हिना

द्वारकाबाईंनी नवऱ्याच्या कानातला अत्तराचा फाया चिमटीत धरून ओढला आणि दमणीबाहेर फेकून दिला. बैल चालतच राहिले. पुढे बसलेल्या सालगडी सटवाजीने मागे वळूनही पाहिले नाही. धन्याच्या घरात काय धुमसते आहे ते त्याला पुरते ठाऊक होते.

“हे आसलं लावून गावभर हिंडायचं न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तमाशाच्या कनातीत बी यापरीस बरा वास येत आसंल.”

किसनरावांनी रिकामा कान चाचपला आणि ते गप्प बसले.

त्यांचे हे गप्प बसणेच द्वारकाबाईंच्या डोक्यात जात होते. पन्नाशी गाठलेला सरळ माणूस. आजवर लग्नकार्यात कोणी अत्तर लावायला आले, की मनगट पुढे करायचे एवढीच यांची हौस. होळी झाली आणि काय भरले अंगात कोण जाणे! सकाळ-संध्याकाळ अत्तर. अंथरूण माजघरातून उचलून ओट्यावर नेले. शेतातून आल्यावर त्यांच्या पायांवर पाणी द्वारकाबाईंनीच घालायचे, हा लग्नापासूनचा रिवाज. तर आता तांब्या हिसकावून घ्यायचा आणि गोठ्यामागे जाऊन स्वतःच पाय धुवायचे. बायकोचा हातही नकोसा झाला म्हणायचा. यावरून कोणत्याही बाईने जे ताडले असते तेच द्वारकाबाईंनी ताडले होते.

तरी त्यांनी ते गिळले असते. पण परवा नानीबाई येऊन गेली. लेक गोदावरी हिच्यासाठी कळमनुरीकडचे स्थळ आणले होते ते या नानीबाईनेच. रविवारी मुलाकडचे सुपारी फोडायला यायचे होते. चहाची बशी खाली ठेवत ती हळूच म्हणाली होती, “वैनी, राग मानू नका. पाटील या वयात अत्तर लावून कुठं जातेत, आसं पाव्हणे इचारून राहिले. घरच नादी आसलं तर पोरगी कशी करावी म्हंतेत.”

गोदावरी दाराआडून ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही.

द्वारकाबाईंनी नवऱ्याला अत्तर सोडायला सांगून पाहिले. कधी नव्हे ते त्यांनी साफ नाही म्हटले. मग लावायचेच असेल तर चार प्रतिष्ठित माणसे लावतात तसले लावा, आणि ते मी निवडीन, असे बजावून त्यांनी आज दमणी जुंपायला लावली होती.

वसमतच्या बाजारात चाँद पाशाचे अत्तराचे दुकान होते. पांढरीशुभ्र गादी, मागे फळीवर शिशा. गिऱ्हाइकाने जोडे खाली काढायचे आणि वर येऊन बसायचे.

“या पाटील, या बाई. वर बसा आरामात,” चाँद पाशा म्हणाला.

द्वारकाबाई वर जाऊन बसल्या. किसनराव पायरीपाशीच उन्हात उभे राहिले.

“मी इथंच बरा हाये.”

“उधारीला आल्यावानी उभे काहून ऱ्हायले? वर या.”

ते हलले नाहीत. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“पाशाभाई, घरंदाज माणसाला शोभंल आसं द्या. शेजारी बसलेल्याला कळावं, येशीवरल्याला न्हाई. आन् आमाला परवडंल आसं पाह्यजे.”

आपल्या मालाबद्दल इतके नेमके बोलणारे गिऱ्हाईक चाँद पाशाला क्वचितच भेटत असावे. तो खुशीत येऊन एकेक शिशी उघडू लागला. काडीला गुंडाळलेला कापूस बुडवायचा आणि पुढे करायचा. मोगरा द्वारकाबाईंनी लगेच परत केला. तो नवरदेवाचा होता. केवडा चांगला होता, पण त्याने त्यांना घरचा देव्हारा आठवला. मग त्याने खालून एक धुळकट चपटी बाटली काढली.

“हे कलोन. वलायती. लढाई लागली तवापासून येनं बंद हाये. हैदराबादेत साहेबलोक लावतेत.”

किसनरावांनी बाटली पाहायला हात पुढे केला होता. द्वारकाबाईंनी आधी नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले.

“शी, हे तर दवाखान्यावानी वास मारतंय.”

किसनरावांनी हात मागे घेतला.

शेवटी वाळा आला. द्वारकाबाईंनी डोळे मिटले. पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताटीआड बसल्यासारखे गार वाटले. एवढ्या संतापातही त्यांना क्षणभर बरे वाटले.

“हेच द्या.”

“बराबर! उन्हाळ्यात वाळाच. शरीफ माणसाचं अत्तर, आन् सस्तं बी.”

किसनरावांनी पायरीवरूनच वाकून फाया हुंगला.

“हे पुरायचं न्हाई,” ते म्हणाले.

“पुरायचं न्हाई म्हंजे?”

“जरा जोराचं पाह्यजे. नेहमीची हिना द्या, पाशाभाई.”

चाँद पाशाचा हात शिशीवरच थांबला.

“पाटील, हिना थंडीच्या दिवसाची. वैशाखात लावली तर डोकं उठतं, नाकातून रगत येतं. तुमी एवढ्यांदा नेली, मले वाटलं दुसऱ्या कुणासाठी...” बोलता बोलता त्याने जीभ चावली.

द्वारकाबाई ताडकन उठल्या.

“दुसऱ्या कुणासाठी? ऐकलं का, दुकानदाराला बी म्हाईत झालं! वर या. इथं माझ्यासमोर बसा, आन् कुणासाठी ते सांगा. तिकडं पोरगी अन्न सोडून बसली, आन् तुमाला हिना पाह्यजे!”

“घरी बोलू.”

“घरी न्हाई. इथं. काढा जोडे.”

“द्वारका, नको.”

नवऱ्याने भर बाजारात आपले नाव घेतले, याचाही त्यांना संताप आला. त्या तरातरा खाली उतरल्या, वाकल्या आणि त्यांनी उजव्या जोड्याची टाच धरली. किसनरावांनी दुकानाच्या खांबाला मिठी मारली. जोडा निघाला. आत चिंधी होती, ती पायाला चिकटली होती. तिच्याबरोबर जो वास आला तो कोणत्याही हिनेला झाकता आला नसता. अंगठ्याखाली तळव्याला सुपारीएवढे भोक पडले होते.

चाँद पाशा पाठ फिरवून शिशा पुसू लागला.

“कवापासून?” द्वारकाबाईंनी विचारले.

“होळीपासून. काटा मोडला आसंल. मले तर कळलं बी न्हाई. दुखत न्हाई गं.”

“दुखत न्हाई!”

“तेच तर. न दुखणारं भोक पाह्यलं की लोक एकच नाव घेतेत. महारोग्याच्या घरची पोरगी कोण करंल? म्हनलं, गोदीची सुपारी होऊन जाऊ दे. मंग पाहू.”

“लोकांना सोडा. मला काहून न्हाई सांगितलं?”

“तू रडली आसतीस.”

“मी?” द्वारकाबाईंचा आवाज चढला. “मी रडले आसते? बाई ठेवली म्हणून मी रोज तुमाला मनात शिव्या घालून राहिले, त्या चालल्या तुमाला. आन् हे सांगायची चोरी?”

किसनरावांनी खाली पाहिले. द्वारकाबाईंचे डोळे कोरडेच होते. हातात मात्र तो जोडा तसाच होता.

चाँद पाशाने एक धुतलेले कापड पुढे केले. पायरीवर बसून त्यांनी ते नवऱ्याच्या पायाला गुंडाळले.

“पाशाभाई, हिना द्या.”

“बाई, या उन्हात...”

“द्या म्हणते ना.”

दमणीत बसल्यावर त्यांनी तो पाय आपल्या मांडीवर घेतला, वर पदर ओढला आणि शिशी उघडून त्याच पदरावर अर्धी रिकामी केली. वास भपकन उठला.

“सटवाजी, दवाखान्याकडं घे.”

“आगं, तिथं कुनी पाह्यलं तर?” किसनराव पुटपुटले. “रविवार तोंडावर आलाय.”

“रविवारचं रविवारी पाहू. रोग हाये का न्हाई ते डाक्टर सांगंल. तुमी न्हाई, आन् लोक बी न्हाई.”

बाजाराच्या वळणावर बांगड्यांच्या दुकानातून नानीबाई बाहेर पडत होती. दमणी पाहून ती जवळ आली, आणि लगेच तिने नाकाला पदर लावला.

“अगं बाई! पाटलांनी आज बी...”

“त्यांनी न्हाई. मी लावलंय.”

“तुमी? हिना? बाईमाणसानं?”

“व्हय. वास तर माझ्याच पदराला हाये. रोजच लावते. त्यांच्या आंगाला येतो तो बी माझाच. जा, सांगा पाव्हण्याला.”

सटवाजीने कासरा सैल सोडला आणि बैल चालू लागले.

पदराखाली पाय हलला. किसनराव तो काढून घेऊ पाहत होते. द्वारकाबाईंनी घोटा घट्ट धरून ठेवला.

“हलू नका,” त्या दातओठ खात म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता.