आवाज वाढवा

श्रावणात कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, हा माझा नेम. म्हणून हर्षदबद्दल घडलं तेवढंच लिहिते. तेवढ्यानंही तो वाईट दिसला, तर माझा इलाज नाही.

हर्षद माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. अंधेरीला मरोळच्या बाजूला त्याची कंपनी. कंपनी म्हणजे तीन मित्र, कॉफीचं मशीन आणि भिंतीवर जग बदलण्याबद्दल काहीतरी इंग्रजीत. त्यांनी ‘कोठार’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. घरात एक डबा ठेवायचा, त्यात दोन डिस्क. घरादाराचे फोटो, कागदपत्रं, रेकॉर्डिंग सगळं त्यात जायचं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर उघडायचं.

“बाकीच्यांच्या डब्यांना इंजिनियर लागतो गं काकू. लोकांना सोपं हवंय. भयंकर मागणी आहे.”

मागणी कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये तरी नळाला जरा जोर यावा एवढीच मागणी होती.

एक डबा त्यानं माझ्याकडे आणून बसवला. “काकूला जमलं ना, की कुणालाही जमेल,” असं फोनवर मित्राला सांगितलं. मी समोरच वाती वळत होते.

माझ्या फोनमध्ये सासूबाईंचं रेकॉर्डिंग होतं. श्रावणातल्या कहाण्या त्या पुस्तकातून वाचत नसत, आपल्या मालवणीत सांगत. शेवटच्या वर्षी आवाज अगदी खोल गेला होता; तरी जिवतीची कहाणी मी त्यांच्याकडून पुरी सांगून घेतली. दर शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की ती लावून ऐकायची, ही माझी पद्धत. हर्षदनं ते सगळं डब्यात टाकलं आणि फोन साफ केला.

“डबा बिघडला तर?” मी विचारलं.

“दोन डिस्क आहेत, यार काकू!”

दोन होत्या, हे खरं. एकीत रोजचं आणि दुसरीत जुनं असं त्यानंच लावलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, दोन्हीकडे सगळं असेल. बहुधा त्यालाही तसंच वाटत होतं.

शुक्रवारी तो मनाली नावाच्या मुलीला घेऊन आला. नव्या कंपन्यांमध्ये पैसे घालणाऱ्यांकडे ती कामाला. काकू डबा कसा लीलया चालवते, ते तिला दाखवायचं होतं. पूजा नुकतीच झालेली, मी पुरणाचे दिवे ताटात ठेवत होते.

“आता पडद्यावरचं सगळं मराठीत केलंय,” हर्षद म्हणाला. “रात्रीत! मशीनकडून!”

त्यानं आपला टॅब माझ्या हातात दिला. वर कोपऱ्यात ‘मालक : हर्षद’. डबा माझ्या घरात, वीज माझी, बोलणाऱ्या माझ्या सासूबाई. मी कहाणी लावली.

“एक बाय होती,” सासूबाई सांगू लागल्या. “तिच्या पोटाक पोर नाय...”

“गोड बोलतात हो,” मनाली म्हणाली. “जरा मोठं होईल?”

“का नाही? काकू, तू कर. मी शूट करतो.”

मी पडदा पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘आवाज वाढवा’. दाबलं. लाल चौकट आली, आत इंग्रजी.

“हर्षद, हे लाल काय रे?”

“काही नाही गं, असतंच ते. ओके कर.” फोनमधून त्याची नजर हलली नाही.

मी ओके केलं. सासूबाई मध्येच थांबल्या.

हर्षदनं टॅब हिसकावून घेतला. तो आणि मनाली इंग्रजीत भराभर बोलले. मग तिनंच मला समजावलं. डब्यातल्या जागेला इंग्रजीत व्हॉल्यूम म्हणतात, आवाजालाही व्हॉल्यूमच. मराठी करताना मशीननं जागेचा आवाज केला. मी दाबलं ते जागा वाढवण्याचं बटण. त्यानं दुसरी डिस्क पुसून पहिलीला जोडली. लाल चौकटीत तेच विचारलं होतं.

“वाचायचं ना काकू!” हर्षद म्हणाला.

“इंग्रजीत होतं. तुला विचारलं मी.”

“टेक्निकली ही युजरची चूक आहे,” हे त्यानं मनालीला सांगितलं. चपला घालताना ती माझा हात धरून “सॉरी” म्हणाली. घरात तो शब्द तिच्याकडूनच आला.

डिस्क तो कुणा जाणकाराकडे घेऊन गेला. तिच्यावर नवं लिहिलं गेलंय, आता काही मिळायचं नाही, असं त्याला तिथे कळलं. ते सांगायला तो आला असेल म्हणून मी चहा टाकला. पण त्यानं लॅपटॉप उघडला.

“काकू, एक आयडिया. मनाली म्हणाली, हाच खरा मुद्दा आहे. घरच्या माणसांना आजचे डबे झेपत नाहीत. तुझी स्टोरी प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावर टाकतो. आजीचा शेवटचा आवाज... लोक रडतील! तू फक्त कॅमेऱ्यासमोर सांग, कसं गेलं ते.”

“कुणाच्या डब्यातून गेलं, तेही सांगू?”

“ते नको. जनरल ठेवू. बाजारातला एखादा डबा.”

मी त्याच्याकडे पाहिलं. लाज वाटली असती तर चेहऱ्यावर दिसली असती. स्लाइड मला नीट दिसावी म्हणून तो लॅपटॉपचा उजेड वाढवत होता.

“झकास होईल गं. तुझा आवाज पण छान आहे.”

“तो तुला द्यायचा नाही मला,” मी म्हटलं.

“अगं, पण काकू...”

टीव्हीशेजारचा डबा मी वायरींसकट काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यातला एक दिवा अजून हिरवा लुकलुकत होता.

“चहा पी,” मी म्हटलं, “आणि नीघ.”

तो चहा प्यायला. साखर कमी आहे म्हणाला.