पाहुण्या माळ्याचं पाणी

गवत कसं असावं याबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. सव्वीस वर्षं मी एकाच गोल्फ मैदानाचा मुख्य माळी आहे. आमचं मैदान म्हणजे बागच. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मध्ये तळं आणि गवत इतकं मऊ, की चेंडू वरून पडला की जागच्या जागी बसतो. महिनाअखेर मी निवृत्त होणार. माझ्या जागी माझी लेक येईल, असा शब्द मी कमिटीला देऊन बसलो होतो. लेकीला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती समुद्रकाठच्या मैदानावर मुख्य माळी म्हणून गेली. वाळूवरच्या अशा मैदानाला लिंक्स म्हणतात. तिथे झाड नाही, तळं नाही, नुसते उंचवटे, खड्डे आणि वारा. "तिला घेऊनच या," बायकोने बजावलं, आणि मी बसमध्ये बसलो.

पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. नेमकी त्याच दिवशी तिथली वर्षातली मोठी स्पर्धा. लेक पार दुसऱ्या टोकाला कामात होती. मी पिशवी शेडमध्ये टाकली, फिरत फिरत तिसऱ्या होलपाशी गेलो आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, चक्क तपकिरी पडलं होतं. बुटाने दाबून पाहिलं तर टणक. दोन तासांत खेळाडू येणार आणि माझ्या पोरीची अब्रू जाणार! शेजारी नळ होता, पाइप होता. माझे हात शिवशिवायला लागले. अर्धा तास मी ते ग्रीन मनसोक्त भिजवलं. शिवाय त्याच्या पुढचा उतारही भिजवला.

लेक धावतच आली. "बाबा, काय केलंत हे?"

"मेलं असतं गं ते. वाचवलं मी."

"मेलं नव्हतं! असंच लागतं ते, कोरडं, कडक. आजच्यासाठी दहा दिवस थेंब दिला नव्हता मी त्याला." तिने कपाळाला हात लावला.

माझं तोंड एवढंसं झालं. "आता गं?"

"खाली वाळू आहे, वर वारा आहे. दुपारपर्यंत सुकेल. सकाळचे लोक मात्र मला शिव्या घालणार." मग तिने बोट माझ्याकडे वळवलं. "मला का म्हणून? तुम्हाला!"

आणि ऑफिसबाहेरच्या फळ्यावर तिने खडूने ठळक लिहिलं: तिसरं ग्रीन ओलं आहे. चूक पाहुण्या माळ्याची.

प्रायश्चित्त म्हणून मी तिसऱ्या ग्रीनजवळच उभा राहिलो. पहिल्या आल्या सत्तरीच्या एक निवृत्त सुईणबाई. त्यांनी चेंडू जमिनीलगत मारला. तो ग्रीनच्या बराच अलीकडे, मी भिजवलेल्या उतारावर पडला आणि तिथेच रुतला.

"पाहुणा माळी तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच."

"बरे सापडलात! दरवर्षी चेंडू इथून वर चालत जातो आणि मी त्याच्याशी गप्पा मारत मागून जाते. आज त्याला मुका केलात तुम्ही." आणि स्वतःच खदखदून हसल्या.

दुपारी ग्रीन वाळलं, आणि बाईंचं म्हणणं मला दिसायला लागलं. आमच्याकडे चेंडूचं जे काय व्हायचं ते हवेतच होतं. इथे तो जमिनीला टेकला की खरी गंमत सुरू. उंचवट्यावर चढतो, वळतो, थबकतो, पुन्हा मनावर घेतो. एका अनोळखी माणसाच्या चेंडूला मी चक्क "चल रे, अजून थोडं!" म्हणून ओरडत होतो.

स्पर्धा संपल्यावर लेकीने माझ्या हातात काठी दिली. मी घरच्यासारखा झकास उंच फटका मारला. वाऱ्याने चेंडू उचलून थेट वाळूच्या खड्ड्यात नेऊन टाकला.

"हा अन्याय आहे! जमीनच वाकडी आहे तुमची."

"नाचता येईना..."

"पुरे!"

दुसरा फटका साफ चुकला. चेंडू भलतीकडेच सरपटत निघाला. मी लाजेने पाठ फिरवली. "अहो, बघा तरी!" लेक किंचाळली. तो एका उंचवट्याला वळसा घालून सावकाश खाली येत होता. होलपासून वीतभर अंतरावर थांबला. मी टोपी उडवली आणि वयाला न शोभेल अशी उडीही मारली.

त्या भरात मी सांगून टाकलं, "तू माझ्या जागी येतेस, असा शब्द देऊन बसलोय मी."

तिचं हसू मावळलं. "मला न विचारता?"

"हो. चुकलंच माझं."

तिने माझ्या हातातली काठी काढून घेतली. "तुमची मान खाली जाणार असेल तर येईन. पण बाबा, इथे मला सकाळी कुणी उठवायला लागत नाही."

लहानपणी या पोरीला उठवताना माझा घसा बसायचा. मला भरून आलं. तिथूनच मी कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"साहेब, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शब्द मोडतोय. माझी लेक येणार नाही."

"का हो? आपलं मैदान आवडत नाही तिला?"

"तिला तिचं आवडतं," मी म्हणालो. "आणि खरं सांगू? आज मलाही."

फोन ठेवतोय तोच ती येऊन बिलगली. मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं खेळलो. मी सपाटून हरलो आणि उद्याचा आणखी एक डाव मागून घेतला.