बेटावरचं खाचर

फोटोतला बगळा तेवढा पुसायचा राहूनच गेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा... झूम केला तर नुसते सात-आठ पांढरे चौकोन, आणि तरीही बगळाच — मान आत ओढून, बांधाच्या टोकाला एका पायावर उभा. स्वप्नालीनं माऊसवरचं बोट थांबवलं. विषुववृत्तावरच्या बेटावर बगळे असतात का? असतील. नसायला काय झालं? तिला काय माहीत! बेटाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की तिथं बारा महिने ऊन, बारा महिने पाऊस, वर्षातून तीनदा भात आणि कोळंबीची मोठमोठी तळी — आणि हेसुद्धा तिनंच टाइप केलेलं, तिथल्या तळ्यांचे हिस्से विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं पाठवलेल्या मजकुरावरून, शहरातल्या कॅम्प एक वस्तीतल्या या छपाईच्या दुकानात, झेरॉक्सच्या धगीत बसून.

“और हजार कॉपी,” शेठ सकाळी म्हणाले होते. “मस्त चाललंय तुझं ब्रोशर. कुछ चेंज नको करू.”

मस्त चाललंय! चालणारच. कंपनीनं दिलेले फोटो इतके धुरकट होते की त्यात कोळंबी कुठली आणि चिखल कुठला ते कळेना. बेटा, कुछ ग्रीन-ग्रीन लगा दे, पाणी पण दिसू दे, असं शेठच म्हणाले. आणि तिच्या फोनमध्ये होतं की ग्रीन — गेल्या आवणीचं, भातलावणीच्या दिवसांतलं, बारवी धरणाच्या पाण्याकाठचं, बाबांचं कडेचं खाचर. तिनं विजेचा खांब काढला, पलीकडचा पत्र्याचा गोठा काढला. मधोमध आई वाकून रोपं लावत होती... आईला काढायला चार मिनिटं लागली. तिच्या जागी आधी भात भरला, मग एक माड उभा केला. तेव्हा चक्क हसू आलं होतं. नोकरी म्हणजे नोकरी, बाई. मी काय जमीन विकत होते? मी चित्र करत होते.

आणि ते चित्र हिंडत हिंडत बाबांच्याच हाती पडावं! गावात कंपनीची सभा झाली, वडापाव वाटले, ब्रोशर वाटलं. बाबांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि आठ दिवसांत ठरवूनही टाकलं — कडेचं खाचर फार्महाऊसवाल्याला द्यायचं आणि त्या पैशात बेटावरच्या तळ्यात हिस्सा घ्यायचा. आज तीन वाजता बयाणा. एकदा बयाणा घेतला की हिरामण शब्द फिरवत नाही, हे बाबांबद्दल अख्ख्या गावाला ठाऊक. म्हणजे बाबा आपलंच खाचर विकून त्याच खाचराच्या फोटोवर भुलून... पुढचं वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करता येईना.

आठ दिवस ती रोज सांगायला गेली. रोज जेवताना तोंड उघडलं आणि मीठच मागितलं. भीती वाटत होती, उघड भीती — माजी पोर कंपूटरवर काम करते, असं बाबा ज्याला त्याला सांगत फिरतात, त्याच पोरीनं हे असं... आणि खरं सांगायचं तर आणखीही काही होतं. गेलंच खाचर, तर जाऊ दे की! नखांतून निघता न निघणारा तो चिखल, दर वर्षी वाकणारी आईची पाठ... सुटेल तरी बिचारी. पण मग बेटाच्या नावाखाली ते खाचर पडद्यावर दिसलं की तिची नजर हटायची नाही. इतकं देखणं ते तिला उभ्या जन्मात दिसलं नव्हतं.

दीडला बाबा आले, धुवट सदऱ्यात. दुकानाबाहेरच्या बाकावर दोघं चहा घेऊन बसली. बाबांनी खिशातून ब्रोशर काढून मांडीवर पसरलं.

“बाबा, हा फोटो... हा तिथला नाहीये.”

“आपला हाय,” बाबा चहा फुंकत म्हणाले. “मना काय कलत नाय? बांध माज्या हातचा. आनी हितं तुजी आय होती. माड कशाला गो लावलास? भाताच्या चिखलात माड जगंल का?”

तिनं चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

“म्हणजे... माहीत असून तुम्ही?”

“अगं येडे, म्हनून तं!” बाबा हसले. “तितली जमीन आपल्यासारखी नसती, तं तू आपला फोटो लावला असतास? तुला जमीन कलते. त्या सभेतल्या मानसांचा मी इश्वास धरला नाय. तुजा धरला.”

आठ दिवस जे लपवलं ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आता कबूल करायला फोटो उरला नव्हता. उरलं होतं ते त्याहून लहान आणि कितीतरी अवघड — की मला काहीच माहीत नाही, बाबा. ते बेट मी पाहिलेलं नाही, तिथली माती काळी की तांबडी हेही मी कुणाला विचारलेलं नाही. आपल्या पोरीला एखादी गोष्ट माहीत नसते, हे या माणसानं अजून ऐकलेलं नव्हतं... त्यांच्या तोंडावर केवढं समाधान होतं!

बाबा बयाण्याला जायला उठले. तिनं त्यांची बाही धरली.

“काय गो?” ते म्हणाले, अगदी मायेनं.

रागावले असते तर सांगणं किती सोपं झालं असतं.