दोन नर्सांच्या तावडीत

पित्ताशय काढायला हॉस्पिटलात दाखल झाले तेव्हा मला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती नीलिमा आणि नंदूची. आम्ही तिघी बेंगळुरूच्या एकाच नर्सिंग स्कूलच्या. नर्स आजारी पडली की तिच्या मैत्रिणी भेटायला येत नाहीत, तपासणीला येतात.

नीलिमा आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. नंदू इलेक्ट्रॉनिक सिटीत एका विमा कंपनीत बसून लोकांची हॉस्पिटलची बिलं नाकारते आणि त्यालाही रुग्णसेवाच म्हणते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी हजर. माझा नवरा गुरुदत्त अदबीनं उठला, त्याला नीलिमानं इडली आणायला पिटाळलं. मग खाटेच्या दांडीवर बोट फिरवून धूळ पाहिली. तोवर नंदूनं माझी चादर उचकटली होती.

"चादरीचा हा कोपरा बघ, मथुरा! शांतम्मा असत्या तर खाट उलटी केली असती."

"माझ्यासकट?" मी विचारलं.

"तुझ्यासकट."

शांतम्मा आमच्या ट्यूटर. त्यांच्याच कृपेनं आमची मैत्री जमली. नंदू पुण्याहून नुकतीच आलेली, कन्नडच्या नावानं भोपळा. एका पेशंटचं अंग पुसायला तिला पाठवलं. पेशंट एक्स-रेला गेला होता आणि त्याच्या खाटेवर त्याचा भाऊ जरा आडवा झाला होता. हिनं त्यालाच धरलं. तो ओरडतोय, "नानु पेशंट अल्लम्मा!" मी पेशंट नाही हो, एवढंच बिचारा सांगत होता. नंदूला वाटलं, पाणी गार लागतंय. तिनं गरम पाणी आणलं. कन्नड येणारी मी धावत पोचले, तोवर तो कमरेपर्यंत स्वच्छ झाला होता. नीलिमा हसता हसता ट्रॉलीवर कोसळली. शांतम्मांनी तिघींना महिनाभर बेडपॅन धुवायला लावले. बेडपॅन धुताना झालेली मैत्री लग्नापेक्षा जास्त टिकते, हे मी अनुभवानं सांगते.

"आमच्या वेळी शिस्त होती," नीलिमा म्हणाली. ट्रॉली तिच्याच वजनानं वाकली होती, हे ती सोयीस्कर विसरते.

इतक्यात ब्रदर, म्हणजे वॉर्डातला पुरुष नर्स, आला. उंच, तोंडावर मास्क, डोळ्यांखाली काळं. तो मुकाट्यानं माझं बीपी घेऊ लागला. बेंगळुरूत मराठी बोलणं म्हणजे बंद खोलीत बोलणं, असा या दोघींचा ठाम समज.

"पट्टा कसा बांधतोय बघ," नंदू म्हणाली. "बैलाला झूल घालावी तसा."

"आजकालची पोरं. हात धुतला असेल का?"

"केस बघ. शांतम्मांनी दारातच कात्री लावली असती."

त्यानं पट्टा सोडला, सलाईन पाहिलं, माझी उशी सारखी केली आणि नीलिमाला शुद्ध मराठीत म्हणाला, "हात धुतलाय, मॅडम. तुम्हीच शिकवलं होतं. मी पुष्कर. तुमच्या विषयात दोनदा नापास झालो होतो."

नंदू अशी हसली की शेजारच्या खाटेवरच्या बाई जाग्या झाल्या. मलाही हसू आवरेना, आणि टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. नीलिमा मात्र कसलेली बाई. "दोनदा केलं म्हणूनच हात बसलाय," ती म्हणाली. मग जरा खालच्या सुरात, "किती पेशंट आहेत तुझ्याकडे?"

"तेरा."

"एकट्याकडे?"

"दुसरी सिस्टर खाली आहे. लॉबीत नवा पियानो आलाय ना, त्याच्या उद्घाटनाला युनिफॉर्ममधले चेहरे हवे होते."

नंदूनं उचकटलेली माझी चादर पुन्हा नीट खोचली. शांतम्मांच्या काळात पियानो नव्हता. माणसं मात्र होती.

"मावशींना आता चालवायचंय," पुष्कर म्हणाला.

"तू जा बाकीच्यांकडे. आम्ही चालवतो," नीलिमानं पदर खोचला.

मग पेशंटच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं यावर दोघींचं जुंपलं. नंदू म्हणे डावी, नीलिमा म्हणे उजवी. शेवटी मीच कठडा धरून निघाले, तेव्हा दोघी धावल्या आणि दोन्ही बाजूंनी अशा चिकटल्या की मला पाय टाकायला जागा उरेना. पण नंदूचा हात माझ्या पाठीवर होता, आणि तो एकदाही हलला नाही.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा मला नंदूच्या घरी न्यायचं ठरलं. ठरवलं त्या दोघींनी. गुरुदत्त कन्नडात "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत इतक्या आनंदानं बॅगा भरू लागला की माझ्या मनात शंका आली. नीलिमाही रजा टाकून मुक्कामाला आली. पथ्याची पेज, वेळेवर गोळ्या, आणि दिवसभर माझ्या डोक्यावरून भांडण.

चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आता मी बरी आहे. घरी जाते."

"ते आम्ही ठरवू," दोघी एका सुरात म्हणाल्या.