उलटा अंगठा

पॉलिशवाल्याच्या प्रत्येक फोटोला एक उलटा अंगठा मिळायचा. कपाट असो, पाळणा असो, आरामखुर्ची असो. लाकूडकामवाल्यांच्या त्या साइटवर फोटो टाकला की सुलट्या अंगठ्यांची रांग लागायची आणि थोड्याच वेळात त्यात एक उलटा येऊन बसायचा. कोणाचा, ते कळायची सोय नव्हती. साइट आकडे दाखवायची आणि नावं पोटात ठेवायची.

सगळ्यांनी वाहवा केली तरी याचा जीव त्या एकात अडकलेला. जेवताना घास हातात, डोळे फोनमध्ये. बायकोने काही विचारलं की "हं". लेकीने चित्र काढून आणलं, तरी "हं"च.

संशय घ्यायला माणूस शेजारीच होता. सुतार आणि तो एकाच गाळ्यात काम करायचे. सुताराने रंधा मारून, सांधे बसवून दिलं की हा त्यावर लाखेचे हात चढवायचा. चहा, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं निम्मं निम्मं. सुतारही त्या साइटवर होता, पण नुसता बघायचा. तोंडाने कौतुक करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तयार वस्तूवरून नख फिरवायचा आणि "चालेल" म्हणायचा. सुताराचं "चालेल" म्हणजे डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं, हे पॉलिशवाल्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. अंगठे मोजायला लागल्यापासून तो ते विसरला.

मग सुताराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सोबतीला त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि वहिनींच्या सोबतीला पॉलिशवाल्याची बायको. त्या दिवशी याने मुद्दाम एका जुन्या पेटीचा फोटो टाकला आणि वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत उलटा अंगठा आला नाही. चोर सापडला म्हणून त्याला चक्क आनंद झाला. या सगळ्यात वाईट काय असेल तर तो आनंद.

पट्टी सुटून सुतार कामावर आला, त्याच सकाळी याने तोंड सोडलं.

"समोर 'चालेल' म्हणतोस आणि पाठीमागे अंगठा खाली करतोस?"

सुताराला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा त्याने रंधा खाली ठेवला.

"वाईट असतं तर तोंडावर सांगितलं असतं. आजवर सांगत आलोच ना?"

"मग घे शपथ."

"इतक्या वर्षांनी तुला माझी शपथ लागते?"

दुपारपर्यंत त्याने हत्यारं पोत्यात भरली. जाताना नुकत्याच पॉलिश झालेल्या दारावरून सवयीने नख फिरवलं, आणि काहीच म्हणाला नाही.

पॉलिशवाल्याने घरी येऊन पराक्रम सांगितला. भांडी पुसणारी बायको थांबली.

"तो अंगठा माझा होता," ती म्हणाली. "लेकीकडून खातं उघडून घेतलं होतं. वाटलं, हिरमोड होईल आणि सोडाल. घरात माणूस असून नसल्यासारखा."

"पण त्या दिवशी तर आला नाही."

"त्या दिवशी मी हॉस्पिटलात होते. ऑपरेशनच्या मजल्यावर फोन काढून घेतात."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं. दर वेळी तुम्ही 'हं' म्हणालात."

तसाच उठून तो सुताराकडे गेला. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "झोपलेत ते," म्हणाल्या. आतून रंधा मारल्याचा आवाज येत होता. फोन तर तो उचलतच नव्हता.

शेवटी पॉलिशवाल्याने गाळ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागाचा फोटो साइटवर टाकला. खाली लिहिलं: चूक माझी होती. तुझी जागा तशीच आहे.

सुलटे अंगठे येऊ लागले, सगळे परक्यांचे. मग एक उलटा आला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने आपला बंद फोन त्याच्यासमोर ठेवला.

"मी नाही," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा त्याला उलटा अंगठा हवासा वाटला. सुताराचा असेल, तर निदान त्याने वाचलं तरी होतं. तो किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. पण कोणाचा, ते कळायची सोय नव्हती.