सहाव्या टप्प्यावरची पाटी

“काका, वर तुम्ही स्वतः बघून आलात ना?”

शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून ती मला विचारत होती. डोक्यावर नवंकोरं हेल्मेट, अंगात सेफ्टी बेल्ट, तोही तिला ढगळच. सहाव्या टप्प्यावर गिलावा करणाऱ्या गवंड्याची ही बायको. इतके दिवस खाली माल कालवायची, आज पहिल्यांदाच नवऱ्याच्या हाताखाली वर निघाली होती. नवऱ्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही.

“अगं, काकांची हिरवी पाटी लागलीय ना?” रेडिओ वरून ओरडला. “मग झालं तर! सहा महिन्यांत मी एकदाही मान वर करून बघितलं नाही. ये गुमान!”

“तुम्ही गप्प बसा हो जरा. मी काकांना विचारतेय.”

एकोणतीस वर्षं मी इमारतींच्या परांच्या तपासतोय. या कामात शिव्या पोटभर खाल्ल्या, पण हा प्रश्न मला तोंडावर कुणी विचारला नव्हता. आणि विचारला तो नेमका तेव्हा. कारण मी बघून आलो नव्हतो. आठ दिवस झाले, चौथ्या टप्प्याच्या वर मी गेलोच नव्हतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. सकाळी साडेसहाला, कामाला सुरुवात व्हायच्या आत, पाना घेऊन चढायचं. लोखंडी पाइप जिथे जिथे क्लॅम्पने एकमेकांना जखडलेत, तिथे पान्याने एक ठोका द्यायचा. क्लॅम्प घट्ट असेल तर टक् असा कोरडा आवाज येतो, ढिला असेल तर खुळखुळतो. फळ्या बांधलेल्या आहेत का, कठडा हलतो का, शिडी सरकते का, सगळं बघायचं आणि खाली येऊन सहीची पाटी लावायची. हिरवी असेल तर चढा, लाल असेल तर बसा. हिरवी लावली म्हणून कुणी आभार मानत नाही, पण लाल लावली की सगळ्यांच्या पोटात दुखतं. माझ्या पाठीमागे माझं नाव लालपाटी. दुपारी मी डबा घेऊन जिथे बसेन तिथल्या गप्पा बंद पडतात, म्हणून मी आपला सिमेंटच्या गोण्यांशेजारी बसतो. गोण्या तोंड वाकडं करत नाहीत.

पण सकाळचा तो एक तास माझा होता. सहाव्या टप्प्यावर उभं राहिलं की खाली गच्च्या दिसायच्या, दोऱ्यांवरचे कपडे दिसायचे, डोळे चोळत दूध आणायला निघालेली माणसं दिसायची. खाली उतरलो की मी कुणाचाच नव्हतो. वर असताना मात्र वाटायचं, थोड्या वेळाने इथे चाळीस माणसं चढणार आहेत ती माझ्या भरवशावर. घरी तरी कोण आहे? नात झाली तेव्हा बायको चार महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती तिकडची होऊन गेली. फोनवर म्हणते, “तुम्हीही या की.” मी म्हणतो, “इथलं कोण बघणार?” या एका वाक्यावर माझे दिवस चालले होते.

आणि मग आठ दिवसांपूर्वी एका सकाळी पाचव्या टप्प्यावर समोरची भिंत एकाएकी आडवी झाली. मी पाइपाला मिठी मारून बसलो म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं, ते बिघडलंय. गोळ्या घ्या, पण उंचावर जायचं नाही. “स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलायचा नाही, कळलं?” गंमत बघा, त्याच संध्याकाळी खोलीतला बल्ब गेला. तेव्हापासून मी दार उघडं टाकून जिन्यातल्या उजेडात जेवतो.

बायकोला ना बल्बचं सांगितलं, ना कानाचं. साइटवर तर नाहीच नाही. सांगितलं असतं तर खाली बसवलं असतं, आणि मग माझ्याकडे राहिलं काय? म्हणून चौथ्यापर्यंत कसंबसं जायचं, वरचे दोन टप्पे खालूनच मान वर करून बघायचे, तेही गरगरायला लागेपर्यंत, आणि पाटीवर सही ठोकायची. रोज स्वतःला बजावायचो, उद्या जाऊ. लाज वाटायची, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा त्या रिकाम्या खोलीची भीती मोठी होती.

“काका?” ती पुन्हा म्हणाली.

हो म्हणणं किती सोपं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने शिडी ज्या तऱ्हेने धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत, ते बघून माझ्याच्याने बोलवेना.

“थांब,” मी म्हटलं. “रेडिओ, खाली ये. सगळेच खाली या.”

“आता काय झालं?”

“खाली ये म्हणतो ना!”

ते कुरकुरत उतरले. मी हिरवी पाटी काढून खिशात घातली, बेल्ट घातला आणि चढायला लागलो. मनाशी म्हटलं, एकदा जाऊन येऊ, आजच्या दिवस खरी पाटी लावू. चौथ्यापर्यंत ठीक होतं. पाचव्याच्या शिडीवर अर्ध्यात आलो आणि सगळं फिरायला लागलं. डोळे मिटले तर जास्तच, उघडले तर भिंत अंगावर. हूक अडकवलेला होता म्हणून बरं. खाली रेडिओची बडबड चालली होती ती बंद पडली, तेव्हा मला कळलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

एकेक पायरी चाचपत मी उतरलो. पाठ घामाने भिजली होती. खाली येऊन लाल पाटी लावली.

इंजिनिअर मॅडम धावत आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, पण काम चोख. “काय ढिलं आहे, काका? सांगा, लगेच आवळून घेऊ.”

“परांचीचं मला माहीत नाही, मॅडम. ढिलं झालंय ते माझंच. मला वर चक्कर येते. आठ दिवस मी वरच्या दोन टप्प्यांवर गेलोच नाही.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आठ दिवस वर माणसं होती, काका.”

“होती.”

“आणि पाटीवर सही?”

“माझीच.”

रेडिओने माझ्याकडे बघितलं, मग सहा महिन्यांत पहिल्यांदा मान वर करून सगळी परांची बघितली, खालपासून वरपर्यंत.

दुसऱ्या साइटवरून एक चष्मेवाला तपासनीस बोलावला. तो दुपारी उतरला आणि म्हणाला, “सगळं व्यवस्थित आहे.” अर्धा दिवस फुकट गेला म्हणून माणसं चडफडली. एकजण मला ऐकू येईल असं म्हणाला, “लालपाटीने जाता जाता पण इंगा दाखवलाच!” मॅडमनी मला उद्यापासून गोदामात बसायला सांगितलं आणि पाना चष्मेवाल्याला द्यायला लावला. माझ्या तळव्याने पान्याची मूठ गुळगुळीत झाली होती. दिला.

संध्याकाळी बायकोला फोन करून सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “आधी कुणाकडून तरी तो बल्ब बदलून घ्या. आणि मग या इकडे.” नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं, पण ते आता खरं नव्हतं. “बघतो,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गोदामाच्या दारात बसून जुन्या क्लॅम्पना ग्रीस लावत होतो. वर चष्मेवाल्याचे ठोके चालू होते. आवाज माझ्याच पान्याचा, लगेच ओळखू आला. एका टप्प्याला बावीस जोड. नको म्हटलं तरी मोजले जात होते. पाचव्यावर बावीस झाले. सहाव्यावर एकवीस झाले आणि पावलं शिडीकडे वळली.

“एक राहिला,” मी म्हटलं. माझा आवाज कुठला वर पोचतोय!

रेडिओची बायको पाटीची वाट बघत जवळच उभी होती. “काय राहिलं, काका?”

“डाव्या टोकाचा. बाहेर वाकल्याशिवाय तो दिसत नाही.”

तिने घमेलं खाली ठेवलं आणि खणखणीत हाक मारली, “अहो भाऊ! डाव्या टोकाचा एक राहिला म्हणतायत काका!”

वरची पावलं थांबली, मागे फिरली. ठोका पडला. क्लॅम्प खुळखुळला. मग पाना फिरल्याचा आवाज आला, चांगले दोन फेरे. मग पुन्हा ठोका, टक्.

काल तो चष्मेवाल्याकडून सुटला होता. त्याआधी कधीपासून ढिला होता कोण जाणे. त्या आठ दिवसांतला असेल तर दोष माझा. आणि त्याच टोकाला उभा राहून रेडिओ दिवसभर गाणी म्हणत होता.

हिरवी पाटी लागली. माणसं चढायला लागली. ती मात्र घमेलं घेऊन माझ्यापाशी आली.

“काका, चढू?”

“पाटी लागलीय की.”

“लागलीय हो. तरी विचारते.”

मी हातातला क्लॅम्प खाली ठेवला.

“चढ,” मी म्हटलं. “हूक लावायला विसरू नकोस.”

ती गेली. वर बघितलं की मला गरगरतं, म्हणून खाली मान घालून मी तिची पावलं ऐकत राहिलो. दुसरा टप्पा, तिसरा, चौथा. पाचव्यावर ती जरा थांबली, दम घेत असेल. मग सहाव्याच्या फळीवर दोन पावलं वाजली आणि बेल्टचा हूक पाइपात अडकल्याचा आवाज आला. तेव्हा मी पुढचा क्लॅम्प हातात घेतला.