डाव्या पायाचा अंगठा

चप्पल मागे राहिली आणि माझा नवरा पुढे गेला. भर दुपारी, भर रस्त्यात. डाव्या पायातली चप्पल निसटून पडली आणि हा गडी अनवाणी पाय खडीवर टेकत तसाच चाललाय. मी मागून ओरडले, "अहो, चप्पल!" त्याने वळून आधी माझ्या पायांकडे पाहिलं. स्वतःच्या पायांकडे नंतर.

(तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात अरे-तुरेच. खोटं कशाला सांगू?)

मी चप्पल उचलली. पायातून चप्पल जाते आणि पायाला खबर नसते, म्हणजे तो पाय आता घरचा राहिलेला नाही.

दुखणं बरेच दिवस होतं. कमरेतून निघायचं, कुल्ल्याच्या आतून मांडीच्या मागे उतरायचं आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पावलाच्या पाठीवर. तारेत करंट सोडावा तसं. शिंक आली की त्याचे डोळे पांढरे व्हायचे. जेवायला बसला की एकाच कुल्ल्यावर, नाहीतर ताट हातात घेऊन खिडकीशी उभा. यातलं काहीही त्याच्या तोंडून मला कळलं नाही. संसार केला म्हणून कळलं.

माझा नवरा काच वाहतो. दुकानांच्या दर्शनी काचा, दारापेक्षा उंच. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला माझा धाकटा भाऊ. कामावर सगळे त्याला 'भिंत' म्हणतात, कारण तो हलत नाही, बोलत नाही, दचकत नाही. त्या नावाचा त्याला मनातून अभिमान. अभिमानाने पाय बरा होत नाही, हे त्याला कोण सांगणार?

मालकाने त्याला आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. त्या शहाण्याने ह्याला आडवं केलं, पाय सरळ वर उचलला आणि विचारलं, "दुखतंय?" हा म्हणाला, "नाही तसं." मग कमरेचा एक्स-रे. "हाडं ठणठणीत. पायात काही नाही. कामाचा कंटाळा आलाय." हे त्याने ह्याला नाही, मालकाला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "भिंतीला आता टेकू लागतो रे!" सगळे हसले. माझा नवराही हसला. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

चप्पल पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. भाऊ बरोबर आला. बसमध्ये ह्याला बसता येईना, तर भाऊ म्हणतो, "दाजी, मागच्या सीटवर आडवे व्हा. मी सामानाचं तिकीट काढतो."

"तुझ्या बहिणीचं काढ," हा म्हणाला. "आवाज जास्त करते."

आत एक डॉक्टरबाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. तपासायच्या खाटेचं रेक्झीन फाटून आतला स्पंज बाहेर आलेला. त्यांनी विचारलं, "पाठ जास्त दुखते की पाय?"

"पाय."

"आणि पाठ?"

"थोडी."

"थोडी?" मी मधे पडलेच. "आज सकाळी ह्यांच्या पायात मोजे मी चढवलेत!"

"तुमचा नंबर येणारे," बाई हसून म्हणाल्या. "जरा दम धरा."

त्यांनीही त्याला आडवं करून पाय सरळ वर उचलला. "दुखलं की सांगा." पाय वर जातोय, आणखी वर जातोय, ह्याचा चेहरा कोरा. बाई थांबल्या. पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला, पण या वेळी दुसरा हात मांडीखाली धरला.

"मांडी दगड होतेय तुमची," त्या म्हणाल्या. "अंग ओरडतंय आणि तुम्ही गप्प. का?"

हा छताकडे बघत म्हणाला, "सवय."

मग भावाने सांगितलं, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. हातात काच असताना आवाज करायचा नाही. कळ येवो, गांधीलमाशी चावो, तळव्यात खिळा घुसो. एक दचकला की दुसरा दचकतो, आणि मग काच दोघांचाही हिशेब करते. म्हणून नवा माणूस आला की त्याच्या हातात आधी लाकडी फळी देतात आणि चालता चालता पाठीत चिमटे काढतात. तोंड हललं की पुन्हा पहिल्यापासून. "कामावर ह्यांना भिंत म्हणतात. मला दाजींनीच तयार केलं," भाऊ म्हणाला. "चिमटे काढण्यात दाजींचा हात कुणी धरू शकत नाही."

बाई त्याच्या तोंडाजवळ वाकल्या. "इथे काच नाहीये. इथे तुम्ही दचकला नाहीत, तर मी आंधळी."

तिसऱ्यांदा पाय उचलला. खाटेपासून जेमतेम वीतभर-दोन वीत वर गेला असेल. चोरी कबूल करावी तशा आवाजात माझा नवरा म्हणाला, "इथं."

"कळ कुठपर्यंत जाते?"

"पावलाच्या पाठीपर्यंत. आई गं. ठेवा खाली."

मग बाईंनी नडगीवर कापूस फिरवला. उजवीकडे कळला, डावीकडे नाही. टाचांवर चालायला लावलं. उजवा पाय टाचेवर उभा राहिला, डाव्याचा चवडा फरशीवर फट्दिशी आपटला. शेवटी त्यांनी एक बोट त्याच्या अंगठ्यावर ठेवलं. "हे वर ढकला." उजव्या अंगठ्याने बोट सहज उडवलं. डाव्या अंगठ्यावर मात्र त्यांचं ते काडीसारखं बोट जिंकलं. दारापेक्षा उंच काच उचलणारा माणूस, आणि एका बोटाखाली हरला. भावाची चेष्टा तिथेच संपली.

"मणक्यांच्या मधे गादी असते," बाई म्हणाल्या. "तुमची एक गादी फुगून बाहेर आलीय आणि नसेवर बसलीय. नस कमरेत दबते, बोंब पायात उठते. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, नस दिसत नाही." मग एमआरआय झाला. गादी तिथेच होती, त्या म्हणाल्या तिथेच.

त्यांनी घाबरवलं नाही. बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवाय बरं होतं, म्हणाल्या. गोळ्या, व्यायाम, ओझं बंद. पण अंथरूण धरायचं नाही, थोडं थोडं चालत राहायचं. "मात्र तुमची ताकद गेलीय, म्हणून माझी नजर अंगठ्यावर. रोज सकाळी बघा. जरा जरी कमी वाटला, तर त्याच दिवशी या. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर जसे असाल तसे या. उशीर केलात तर पाय कायमचा लुळा राहू शकतो. आणि कमी झालंय हे तुम्हालाच कळणार. तेव्हा तिथे भिंत नको."

घरी रोज सकाळी मी त्याच्या अंगठ्यावर बोट ठेवायचे. आणि माझ्या लक्षात आलं की हा बदमाशी करतोय. मांडीतून हिसका द्यायचा, अख्खं पाऊल उडवायचा आणि म्हणायचा, "बघ, उचलला." मी काही डॉक्टर नाही. मला काय कळणार कुठून उचलला?

तो असं का करत होता तेही सांगते. मालक घरी येऊन गेला होता. खुर्चीवर बसला, पाणी प्याला, म्हणाला, "डॉक्टर तर काही नाही म्हणाला. सोमवारी दोन मजल्यांची काच चढवायची आहे. तू नाही आलास तर तुझ्या मेव्हण्याबरोबर परवा आलेला पोरगा देतो. पुढचं त्याचं नशीब."

"मालक," मी म्हटलं, "तुमच्या डॉक्टरला एकदा त्या काचेखाली उभं करा." मालक उठून गेला. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर आता पाय नव्हता, माझा भाऊ होता. त्या कच्च्या पोराच्या समोरच्या टोकाला.

सोमवारी सकाळी भाऊ दारात उभा. खाली मालकाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय. मी खाली बसले, बोट ठेवलं, म्हटलं, "चला, दाखवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. मांडीचा स्नायू ताणलेला मला दिसला. हिसका देणार, मला वाटलं. आणि त्याने मांडी सैल सोडली. अंगठा तसाच पडून राहिला, कुण्या परक्याचा असावा तसा.

"गेलाय," तो म्हणाला. "काल थोडा होता. आज काहीच नाही. परवापासून कमी होतोय, मी तुला फसवत होतो." आणि मग भावाला, "त्या पोराबरोबर तू चढू नकोस. माझी शप्पथ."

भाऊ खाली गेला. मालकाचं ओरडणं वरपर्यंत ऐकू आलं. भावाचं एकच वाक्य ऐकू आलं: "मग एक टोक तुम्ही धरा ना, मालक!" थोड्या वेळाने टेम्पो रिकामाच गेला आणि भाऊ कुणाची तरी गाडी घेऊन आला. दाजींना मागच्या सीटवर आडवं केलं. या वेळी तिकिटाचा विनोद झाला नाही.

बाईंनी अंगठा पाहिला आणि फोन उचलला. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय म्हणाला? "कळ नाहीये." पुन्हा म्हणाला, "अगं, कळच नाहीये." आणि रडला. मीही रडले. आम्हाला वाटलं जिंकलो. पण अंगठा हलत नव्हता. बाईंनी खोटा धीर दिला नाही. "दाब काढला की कळ आधी जाते. ताकद सावकाश येते, महिने लागतात. काहींची पूर्ण येते, काहींची अर्धी. पण अंगठा पूर्ण गेला त्याच दिवशी तुम्ही आलात. आणखी आठवडा काढला असतात, तर मी आशा धरा असं म्हटलं नसतं."

मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. घेऊ दे. भाऊही तिथून सुटला, आता खिडक्या बसवणाऱ्या एकाकडे जातो. माझ्या नवऱ्याला काचा उचलता येतील की नाही, ते अजून कुणीच सांगू शकत नाही.

सकाळची परीक्षा मात्र चालू आहे. मी बोट ठेवते. तो हिसका देत नाही. डोळे मिटतो, बराच वेळ घेतो, आणि सांगतो. "काही नाही." दुसऱ्या दिवशी, "काही नाही." मी चिडत नाही. चिडायला माझ्याकडे दुसरी माणसं आहेत.

आज मी बोट उचलणार तेवढ्यात तो म्हणाला, "काढू नकोस."

मी तशीच बसून राहिले. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला.

"आला," तो म्हणाला.

"मला नाही लागलं बोटाला काही."

"तुला नसेल. मला कळलं."

दूध जाऊ दिलं. बोट तिथेच ठेवलं.